आधी राखाडी

मे महिन्यात गल्लीच्या तोंडाशी असलेला गुलमोहर काढायला घेतला. टॅब्लेटवर, आणि सवयीप्रमाणे आधी राखाडीत. मधल्या राखाडीचा एक लेयर, त्यावर काळ्याकडे झुकलेलं खोड, खाली सावलीचा पट्टा, वर जवळजवळ पांढरं आभाळ. तासाभरात चित्र उभं राहिलं. झाड होतं, सावली होती, दुपारचं ऊनही बरं उतरलं होतं. फुलं तेवढी नव्हती. फांदीभर फुलं आणि त्यांच्यामागची पानं, दोन्हींचा राखाडी एकच निघत होता.

आधी वाटलं, माझंच चुकतंय. मग फोटोतून दोन रंग उचलून हिशेब मांडला. फुलाचा तांबडा : लाल २२०, हिरवा ५०, निळा ३०. पानाचा हिरवा : लाल ६०, हिरवा १२०, निळा ४०. रंगाचा उजेड काढण्याचं जे जुनं, टीव्हीच्या काळापासूनचं सूत्र आहे, त्यात हिरव्याला सुमारे ५९ टक्के वजन, तांबड्याला ३०, आणि निळ्याला जेमतेम ११. कारण आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ दिसतो. त्या सूत्राने फूल आलं ९९ आणि पान ९३. शून्य ते २५५ या पट्टीवर सहाचा फरक म्हणजे काहीच नाही. म्हणजे माझा राखाडी बरोबर होता. गुलमोहरच त्यात मावत नव्हता.

ही पद्धत वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तिने मला चित्र काढायला शिकवलं आहे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाला चित्रकलेच्या सरांचं ते वाक्य आठवत असेल : डोळे किलकिले करून बघा. डोळे बारीक केले की बारकावे पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे चार-पाच मोठे तुकडे उरतात. घडा, नारळ, मागचा पडदा ही नावं गळून पडतात. चित्र लांबून ओळखू येतं ते या तुकड्यांमुळे. ते चुकले तर वर कितीही सुंदर रंग लावा, चित्र पडतंच.

संगणकावर तर या शिस्तीची गरज जास्त. कागदावर काम करणाऱ्याच्या पेटीत बारा नळ्या असतात. पडद्यावर नवशिक्यासमोर एक कोटी सदुसष्ट लाख रंग उघडे पडलेले असतात आणि प्रत्येक जण ‘मला घे’ म्हणत असतो. राखाडीत गेलं की हा बाजार २५६ छटांवर येतो. त्यांतल्याही आपण दहाबाराच वापरतो. आकार, उजेड कुठून येतोय, नजर कुठे थांबावी, एवढेच प्रश्न समोर उरतात. रंगाचा प्रश्न उद्यावर ढकलता येतो, आणि ढकलण्यात सुख आहे हे मराठी माणसाला सांगायला नको.

युरोपातल्या जुन्या चित्रकारांकडे ही रीत होती, पण तिचं एक कारण वेगळं होतं. उत्तम निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून येणाऱ्या लाजवर्दाचा, भलता महाग. आधी स्वस्तातल्या तपकिरी-राखाडी रंगांत आकार पक्के करायचे आणि मग त्यावर महागड्या रंगाचे पातळ थर चढवायचे, हा शहाणपणाचा व्यवहार होता. लिओनार्दोचं बाळ येशूची पूजा करणाऱ्या ज्ञानी पुरुषांचं चित्र १४८२च्या सुमारास अर्धवट राहिलं, म्हणून फ्लॉरेन्समध्ये आज त्याचा हा तळाचा तपकिरी थर उघडा बघायला मिळतो. चित्रकार अँग्रच्या ‘ओडालिस्क’ या प्रसिद्ध चित्राची एक राखाडी आवृत्ती न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात आहे, आणि गंमत म्हणजे ती रंगीत चित्रानंतरची आहे. म्हणजे राखाडी नेहमी आधीच येते असंही नाही. आपल्याकडे आज निळा आणि राखाडी एकाच भावाचे, म्हणजे फुकट. तेव्हा तेलरंगवाले रंग वाचवत होते, आपण निर्णय वाचवतो.

या रीतीच्या मुळाशी एक गृहीतक आहे. उजेड आणि रंग वेगळे काढता येतात. उजेड म्हणजे अंग आणि रंग म्हणजे वरून घातलेला सदरा. हे गृहीतक अगदीच पोकळ नाही. १९८२मध्ये दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा घरोघरचे कृष्णधवल संच भंगारात गेले नाहीत. त्यांच्यावर तोच कार्यक्रम दिसत राहिला, कारण सिग्नलमध्ये उजेडाची माहिती वेगळी जात होती आणि रंगाची तिच्यावर स्वार होऊन. मोबाइलमधला जेपेग फोटोही बहुधा असाच साठवलेला असतो : उजेड पूर्ण बारकाव्यासकट, रंग मात्र विरळ करून. डोळ्याला तो विरळपणा कळत नाही. रंगातला तपशील आपण खरंच ढोबळ पाहतो.

मग सदरा बसत का नाही?

जुन्या घरांच्या भिंतींवर आजी-आजोबांचे हाताने रंगवलेले फोटो असायचे. कृष्णधवल छापावर पारदर्शक रंग चढवलेले : ओठ गुलाबी, गाल गुलाबी, लुगड्याचा काठ हिरवा. मला ते फोटो फार आवडतात, पण ते खोटे आहेत हे लहान पोरालाही कळायचं. चेहऱ्याची उजेडातली बाजू आणि सावलीतली बाजू, दोन्हींना एकच गुलाबी. टॅब्लेटवर राखाडी चित्रावर आपण ‘कलर’ नावाचा ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात मिसळण्याची रीत) लावतो तेव्हा नेमकं हेच करतो : खालचा उजेड तसाच, वरून एक रंग सपाट. ‘मल्टिप्लाय’ लावला तर त्याहून वाईट, कारण राखाडीने गुणलेला रंग म्हणजे त्याच रंगात कालवलेलं काजळ. ‘ओव्हरले’ने चित्र जत्रेतल्या पोस्टरसारखं भडकतं. राखाडीवरून रंगवलेली पुष्कळ डिजिटल चित्रं मळकट दिसतात ती यामुळे.

खऱ्या उन्हात सावली म्हणजे कमी झालेला उजेड एवढंच नसतं. तिच्यावर दुसरा उजेड पडलेला असतो, निळ्या आभाळाचा. म्हणून पांढऱ्या भिंतीवरची दुपारची सावली निळसर असते. उन्हाकडे पाठ करून उभ्या मुलाचा कान लाल दिसतो, कारण ऊन त्यातून आरपार येतं. इथे रंग हाच उजेडाचा इतिहास असतो : तो कुठून आला, कशातून गेला, कशावर आपटला. हा इतिहास पुसून नंतर अंदाजाने परत लिहायचा, असा राखाडीचा सौदा आहे.

चित्रकार सावळाराम हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री डोळ्यांसमोर आणा. १९४५-४६च्या सुमाराचं जलरंगातलं ते चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. मॉडेल त्यांची मुलगी गीता. पुष्कळ लोक अजूनही ते रविवर्म्याचं समजतात, हा हळदणकरांवर अन्याय आहे. ते चित्र मोबाइलवर राखाडी करून बघा. अंधार राहील, चेहऱ्यावरचा उजेड राहील, रचना तर जराही हलणार नाही. इतका पक्का उजेड-अंधाराचा बांधा फार थोड्या चित्रांना असतो. जाईल ती ज्योतीआड धरलेल्या बोटांतून झिरपणारी ऊब. जलरंगात आधी राखाडी मग रंग असा फारसा मार्ग नसतो. पांढरा म्हणजे कोरा कागद, आणि प्रत्येक थर लावतानाच तो किती गडद आणि किती तांबूस हे एकदम ठरवावं लागतं.

मोनेने १८७२मध्ये रंगवलेला ल हाव्र बंदरावरचा सूर्योदय तर माझ्या गुलमोहराचा थेट पूर्वज. त्यातला नारिंगी सूर्य राखाडी केल्यावर जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याचा उजेड भोवतालच्या धूसर आभाळाइतकाच आहे. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी यावर लिहिलं आहे. मेंदूचा जो भाग वस्तूची जागा आणि हालचाल टिपतो तो रंगाच्या बाबतीत जवळपास आंधळा असतो. त्याला हा सूर्य सापडत नाही. रंग ओळखणाऱ्या भागाला तो लख्ख दिसतो. या ओढाताणीत सूर्य थरथरतो. मोने आधी राखाडीत बसला असता तर त्याने शहाण्यासारखा सूर्य उजळ केला असता आणि चित्र गेलं असतं.

म्हणून मी आता वेगळं करतो. वीस मिनिटं राखाडी, त्याहून जास्त नाही. तेवढ्यात मोठे तुकडे ठरले नाहीत तर ते दोन तासांतही ठरत नाहीत. मग थेट रंग, अपारदर्शक, सावलीचा वेगळा आणि उन्हाचा वेगळा. सगळ्यात वर रंग काढून टाकणारा एक लेयर असतो, आणि तो मधूनमधून चालू करून उजेड तपासायचा. एक सावधगिरी : त्यासाठी ‘डीसॅच्युरेट’ आज्ञा वापरू नका. तिच्या लेखी शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही एकाच राखाडीचे, आणि ज्याला डोळे आहेत त्याला हे पटणार नाही. त्याऐवजी ‘कलर’ मोडमधला काळा लेयर वर ठेवा.

गुलमोहर मी पुन्हा तांबड्यापासून सुरू केला. पानं मागून आली, खोड सगळ्यात शेवटी. तपासणीचा लेयर चालू केला की फुलं अजूनही पानांत विरघळतात. तशीच ठेवली आहेत.