वेगवान मदतनीस

मराठीतलं 'वापरणे' हे क्रियापद वस्तूंना लावलं तर निरुपद्रवी असतं, माणसांना लावलं की शिवीच्या जवळ जातं. पेन वापरलं, गाडी वापरली, यात कुणाला काही वाटत नाही. 'त्यानं मला वापरून घेतलं' या वाक्यात मात्र एखादं नातं संपलेलं असतं. माझा चौदा वर्षांचा मुलगा दिवसातून दहा वेळा म्हणतो, "मी व्हिम्सिकॉट वापरतो." तेव्हा हे क्रियापद या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी पडतं. गेले काही महिने मी त्या मधल्या जागेचा विचार करते आहे.

ज्यांच्या घरात या वयाचं मूल नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पोकेमॉनच्या स्पर्धात्मक लढती बहुतेक दुहेरी असतात. संघात सहा प्राणी, त्यातून लढतीसाठी चार निवडायचे, मैदानात एका वेळी दोन. दोन्ही खेळाडू आपापल्या चाली गुपचूप ठरवतात आणि मग ज्याचा वेग जास्त त्याची चाल आधी होते. आमच्याकडे खेळण्याचं महागडं यंत्र नाही. मुलगा संगणकावर 'पोकेमॉन शोडाउन' नावाच्या फुकट ठिकाणी खेळतो आणि जे. पी. नगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात जगातला कुणीही कोपरा येऊन बसतो.

व्हिम्सिकॉट हा कापसाचं बोंड फुटावं तसा दिसणारा प्राणी. माझ्या आईनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती म्हणाली, "हे तर आमच्या गिरणीतलं दिसतंय की!" ती सोलापूरची आहे, कापूस ओळखणारच. याचा मूळ वेग ११६, म्हणजे चांगल्याच चपळांत मोडणारा. शिवाय त्याच्या अंगी एक खोडकरपणा असतो, त्यामुळे त्याच्या मदतीच्या चाली एरवीच्या चालींच्या आधी घडतात. त्याची नेहमीची मदत म्हणजे 'टेलविंड', पाठीवरचा वारा. हा वारा सुटला की चार फेऱ्या आपल्या संघाचा वेग दुप्पट होतो. त्या चारांत वारा सोडण्याची फेरीही धरतात, म्हणजे हातात खऱ्या तीनच.

यात एक गंमत आहे आणि ती मला पुष्कळ दिवस छळते आहे. या वाऱ्याचा व्हिम्सिकॉटला स्वतःला फारसा उपयोग नसतो. तो आधीच वेगवान आहे. फायदा होतो शेजारी उभ्या असलेल्या जड, सावकाश, दणकट जोडीदाराचा. सगळ्यात चपळ जो असतो त्याचं चापल्य दुसऱ्यांना चपळ करण्यात खर्च होतं, आणि हे काम त्याच्याकडे येतं ते तो चपळ आहे म्हणूनच. संथ प्राण्याला कुणी हे सांगत नाही, कारण त्याची मदत पोचेपर्यंत जोडीदार आडवा झालेला असतो. घराघरांत ज्या मुलीचा हात उरकता असतो तिलाच 'तूच कर गं, तुझं पटकन होतं' असं का सांगतात, याचं इतकं उघड गणित मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

चित्राला दुखत नाही, हे मला कळतं. पडद्यावरच्या कापसाच्या गोळ्याचे हक्क मागायला मी बसलेली नाही. खेळ मुलांना क्रूर करतात या मतालाही माझ्याजवळ फार जागा नाही. बुद्धिबळात आपण प्यादी मारतच आलो आहोत. पण खेळ माणसांकडे पाहण्याचे शब्द मात्र देतो. 'हा सपोर्ट आहे', 'हा अटॅकर आहे' अशी विभागणी एकदा तोंडात बसली की ती वर्गात, कचेरीत आणि स्वयंपाकघरात आपोआप लागू होते. कांटनं १७८५ साली लिहून ठेवलं की माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, तो स्वतःही साध्य आहे. या वाक्यातला 'केवळ' पुष्कळदा गळतो. आपण एकमेकांचं साधन असतोच. रिक्षावाला माझं असतो, मी माझ्या कंपनीचं असते. प्रश्न त्या 'केवळ'चा आहे, आणि तो केव्हा लागू झाला हे ओळखायचं कसं, हे कांट काही इतक्या सोप्या शब्दांत सांगत नाही.

या खेळात त्याची एक खूण सापडते असं मला वाटतं.

'टॉन्ट' नावाची एक चाल आहे. टोमणाच. ज्याला टोमणा बसला तो तीन फेऱ्या फक्त हल्ल्याच्या चाली करू शकतो, मदतीच्या सगळ्या बंद. माझ्या मुलानं एकदा मोठ्या हौशीनं व्हिम्सिकॉटच्या चारही चाली मदतीच्या ठेवल्या. त्याच्याकडचा 'मूनब्लास्ट' हा एकमेव बरा हल्ला काढून टाकला, कारण मदतनिसाला हल्ला कशाला? तिसऱ्याच लढतीत समोरच्यानं टोमणा मारला. चारही चाली बंद झाल्या की खेळ त्या प्राण्याला एकच गोष्ट करू देतो. तिचं नाव 'स्ट्रगल', धडपड. त्या धडपडीत समोरच्याला थोडं लागतं आणि आपलीच एक चतुर्थांश शक्ती जाते. मुलगा चिडला आणि मूनब्लास्ट परत आला. मी भांडी लावत होते. माझ्या मनात आलं, ही धडपड आपण ओळखतो. ज्या माणसाकडे दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याखेरीज काहीच उरलेलं नसतं, त्याची मदत कुणी नाकारली की त्याचं हेच होतं. ते दुसऱ्याला बोचतं आणि स्वतःला झिजवतं. निवृत्त वडील, मुलं मोठी झालेली आई, बदली झालेला विश्वासू कारकून, अशी किती तरी.

मूनब्लास्टचं दुसरंही एक काम आहे, आणि ते हल्ल्याहून महत्त्वाचं. तो हल्ला ड्रॅगन जातीच्या प्राण्यांना विशेष लागतो, म्हणून समोरचा व्हिम्सिकॉटकडे दुर्लक्ष करू शकत नाही. त्याच्यासाठी एक चाल राखून ठेवावी लागते, त्याचा विचार करावा लागतो. निव्वळ मदतनिसाकडे कुणी पाहत नाही. शत्रू पाहत नाही आणि थोड्या दिवसांनी आपलेही पाहत नाहीत.

२०१४ सालच्या जागतिक स्पर्धेची गोष्ट मुलानं मला तीनदा सांगितली आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनला झालेली ती स्पर्धा दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कनं जिंकली. बलाढ्य प्राण्यांच्या त्या गर्दीत त्यानं पाचिरिसू नावाची एक इवलीशी विजेची खार आणली होती. कुणी तिला गंभीरपणे घेत नसे. ती 'फॉलो मी' ही चाल करायची, म्हणजे सगळे घाव स्वतःकडे ओढून घ्यायची आणि शेजारच्या प्रचंड गॅराडोसला मोकळं सोडायची. प्रेक्षक तिच्या त्यागावर खूश झाले आणि सगळीकडे तीच गोष्ट सांगितली जाते. सांगताना एक तपशील मात्र सुटतो. त्या खारीकडे 'सुपर फँग'ही होता, समोरच्याची उरलेली शक्ती एका चाव्यात निम्मी करणारा. तिला दात होते. ती नुसती ढाल असती तर पार्कच्या प्रतिस्पर्ध्यांनी तिला खुशाल बाजूला ठेवलं असतं.

आमच्या शहरात याचं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. राहुल द्रविड इथेच वाढला, घरी मराठी बोलणारा. २००३च्या विश्वचषकात संघाला सातवा फलंदाज खेळवता यावा म्हणून त्यानं यष्टिरक्षण केलं. ते त्याचं मूळ काम नव्हतं. बोटं सुजवणारं, चुकलं तरच दिसणारं ते काम. लोक आजही त्याच्या त्यागाचं कौतुक करतात आणि मला ते थोडं घाऊक वाटतं, कारण ज्याच्याकडे देण्यासारखं दुसरं काही नाही अशा माणसासारखं ते त्याच्याबद्दल बोलतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यानं २२ चेंडूंत अर्धशतक केलं होतं. आधी सेहवाग आणि तेंडुलकर यांची शतकं झालेली, त्यामुळे ते अर्धशतक कुणाला आठवत नाही. पण त्याच्या यष्टिरक्षणाला जे वजन होतं ते या फटक्यांमुळे होतं. तो दुसरं काही करू शकत होता आणि तरी हे करत होता.

आता घरचं.

जे. पी. नगरच्या सातव्या फेजमध्ये पुट्टेनहळ्ळीचं तळं आहे, रहिवाशांनी पुढाकार घेऊन पुन्हा जिवंत केलेलं. संध्याकाळी तिथल्या बाकांवर आज्या बसतात. सोलापूर, बेळगाव, नागपूर, इंदूर. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी म्हणून आलेल्या आणि राहून गेलेल्या. बंगळूरच्या निम्म्या संगणक-कचेऱ्या या बायकांच्या पाठीवरच्या वाऱ्यावर चालतात, असं मी म्हणते तेव्हा माझ्या सहकाऱ्यांना ती अतिशयोक्ती वाटते. माझी आई सहा वर्षांपूर्वी धाकटीच्या वेळी आली. ती बँकेत चौतीस वर्षं रोखपाल होती. नोटा मोजायचं यंत्र आल्यावरही तिच्या खिडकीवरची रांग सर्वांत आधी संपायची. इथे आल्यावर तिचा दिवस शाळेच्या व्हॅनच्या वेळांवर लागला. दुसऱ्या फेजमध्ये रंगशंकरा आहे, नाटक म्हणजे तिचा जीव की प्राण. पण तिथे साडेसातच्या ठोक्याला दार बंद होतं, उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत, आणि साडेसात ही आमच्याकडे कुकरची वेळ. सहा वर्षांत तिची दोन नाटकं झाली. हा आकडा तिनंच सांगितला, तक्रारीच्या सुरात नव्हे. रोखपाल आकडे ठेवतातच.

या वर्षी सोलापूरच्या महिलांच्या एका पतसंस्थेनं तिला संचालक मंडळावर यायची विनंती केली. कर्जाची प्रकरणं तपासायला बँकेतलं माणूस हवं होतं. महिन्यातले आठदहा दिवस तिकडे राहावं लागेल. ती लगेच हो म्हणाली आणि मग फोन सुरू झाले. "आता नातवंडांत रमायचं सोडून हे काय गं?" "या वयात सह्या करून कशात अडकू नकोस." बोलणाऱ्या सगळ्यांचं तिच्यावर प्रेम आहे. कुणी वाईट हेतूनं बोललं नाही, आणि टोमणा लागू व्हायला हेतूची गरजही नसते. आईवर मात्र तो बसला नाही. ती म्हणाली, "मोजायला येतं मला अजून," आणि उद्यान एक्सप्रेसचं तिकीट काढलं.

माझ्या या सगळ्या मांडणीला एक मोठा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. सिद्दी जौहरचा वेढा पडला असताना, १६६०च्या जुलैत, शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसला आणि वेढा घालणाऱ्यांचं लक्ष त्यानं आपल्याकडे ओढून घेतलं. परंपरा सांगते ती 'फॉलो मी'चीच गोष्ट आहे. त्यानं स्वतःसाठी काय राखून ठेवलं होतं? काहीच नाही. मग स्वतःचा हल्ला राखणाऱ्या मदतनिसालाच मान, असं म्हणताना मी त्याला कमी लेखते आहे का? सेवेत काही राखून ठेवलं तर ती सेवा कसली, असं आपले संतही विचारतील.

मला वाटतं, फरक मुदतीचा आहे. शिवा काशीदची ती एक रात्र होती. ती त्यानं स्वतः पत्करली होती आणि तिचा शेवट त्याला ठाऊक होता. खेळातही स्वतःला संपवून दुसऱ्याला वाट करून देणाऱ्या चाली आहेत, त्या एकदाच करता येतात. त्याच त्यागाचं वेळापत्रक बनवून ते सहा वर्षं भिंतीवर टांगलं की ती वेगळी गोष्ट होते, मग तिला नाव तेच का असेना. हुतात्म्याचं उदाहरण देऊन रोजची धुणीभांडी मागणं हा आपल्याकडचा जुना सराव आहे, आणि त्यात हुतात्म्याचाही अपमान होतो. संतांच्या आक्षेपाला माझ्याकडे एवढं चोख उत्तर नाही. एवढंच दिसतं की आई कमी देते आहे असं मला वाटत नाही, आणि तिच्या देण्याला सीमा आहे हे कळल्यापासून धाकटी तिला पाणी आणून द्यायला लागली आहे.

मुलाशी मी हे सगळं बोलले नाही. तो म्हणाला असता, "आई, तो गेम आहे." त्यानं आजीला फक्त एक विचारलं, पतसंस्थेत ती मतदान करणार की नुसतं तपासून देणार. "मतदान करणार," आई म्हणाली. "मग ठीक आहे," तो म्हणाला आणि संगणकाकडे वळला.

पहिली बैठक येत्या गुरुवारी आहे. धाकटीची व्हॅन पावणेचारला फाटकाशी येते. मंगळवार-बुधवार मी घरून काम करेन, शुक्रवार नवऱ्यानं घेतला आहे. गुरुवारच्या चौकटीत आईनं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे, 'तुमचं तुम्ही बघा.'