कुणा एलिझेसाठी

यवतमाळात पियानो कुठे ऐकायला मिळेल असे कुणी विचारले, तर मी त्याला रात्री साडेनऊला आमच्या गल्लीत बोलावीन. शेजारचे भाऊ त्या सुमारास गाडी उलटी आत घेतात. रिव्हर्स पडला की गाडीच्या पाठीतून एक नाजूक सूर निघतो आणि गल्लीतली पोरे, कुत्री व मी, या क्रमाने बाजूला होतो.

हा सूर बेथोव्हेनचा आहे हे माझ्या भाचीने सांगितले. ती पुण्याला असते, त्यामुळे सांगतेच. मी ते भाऊंच्या कानावर घातले. "काय सांगता राजेहो! मले त वाटे का कंपनीवाल्यायनंच बसवला," असे म्हणून त्यांनी गाडीकडे जरा आदराने पाहिले.

'फ्युर एलिझे', म्हणजे एलिझेसाठी. १८१० मधली, पियानोवरची जेमतेम तीन मिनिटांची चीज. एलिझेला आठवण म्हणून, अशा अर्थाचे काहीतरी हस्तलिखितावर होते म्हणतात. बेथोव्हेन १८२७ साली वारला. पुढे चाळीस वर्षांनी, १८६७ मध्ये, लुडविग नोल नावाच्या अभ्यासकाने ती छापली. हस्तलिखित त्याला म्युनिकच्या एका बाईंकडे सापडले होते. नंतर ते जे हरवले ते हरवलेच. त्यामुळे ही एलिझे कोण, यावर विद्वान अजून भांडतात. काहींच्या मते मूळ नाव तेरेझे. नोलसाहेबांना अक्षर लागले नाही. बेथोव्हेनचे अक्षर आपल्या डॉक्टरांच्या तोडीचे होते, तेव्हा शक्य आहे.

मला छळणारा प्रश्न निराळा आहे. एकाने एकीला दिलेली वस्तू तिसऱ्याने जगासमोर मांडावी का? देणाऱ्याने तर ती हयातभर छापली नव्हती. १८२२ मध्ये त्याने ती पुन्हा काढून दुरुस्त्या केल्या होत्या, म्हणजे छापायचे मनात आले असावे, असे म्हणता येते. पण मनात काय, माझ्या सात कादंबऱ्या आहेत.

बरे, नोलने सभ्यपणा दाखवला असता तर? हस्तलिखित हरवले, त्याबरोबर तो सूरही गेला असता. आज तैवानमध्ये कचऱ्याची गाडी हाच सूर वाजवीत येते आणि माणसे पिशव्या घेऊन धावत सुटतात. यात बेथोव्हेनचा अपमान होतो असे भाचीला वाटते, मला वाटत नाही. सूर कुठेही राहू शकतो. मला काळजी एलिझेची. तिला कुणी विचारले?

हे मी उगाच उगाळत नाही. आमच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. बाबा नोकरीनिमित्त वणीला असताना आईने दारव्ह्याहून त्यांना लिहिलेली पत्रे तीत आहेत, सुतळीने बांधलेली. दोघेही आता नाहीत. प्रत्येक आंतर्देशीय पत्राच्या घडीवर, बाहेरच, आईने लिहिले आहे : 'वाचून फाडावे.' (दारव्हा ते वणी सगळ्या पोस्टमनांची उत्सुकता वाढवायची याहून खात्रीची युक्ती नसेल.) आणि बाबांनी, ज्यांनी तिचा शब्द एरवी कधी मोडल्याचे मला आठवत नाही, एकही फाडलेले नाही.

धाकटा म्हणतो, बाबांनी फाडली नाहीत हीच परवानगी. त्याला ती छापायची आहेत. त्या काळच्या बायकांचे जगणे लोकांना कळले पाहिजे, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. ताई म्हणते, "ती बाबांसाठी होती. तू कोण?" तिला ती आईबरोबरच जाळायची होती. बाबांनी ती कुणासाठी ठेवली, हे मात्र दोघांनाही सांगता येत नाही. मला तर नाहीच.

गठ्ठा सध्या माझ्या ताब्यात आहे. राखीला ताई विचारते, "गाठ सोडली तर नाहीस ना रे?" दिवाळीला धाकटा विचारतो, "अजून नाही सोडली?" दोघांनाही माझे उत्तर एकच असते. ताई त्यावर मला अनारसे जास्त वाढते.