जोत्यावर थांबलेलें घर

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. त्यानें अगोदर बसून खर्चाचा हिशेब केला नाहीं. पाया घातला, पुढें काम रेटेना, आणि जाणारेयेणारे त्यास हसूं लागले. शिष्यत्वाची किंमत आधीं मोजावी हा प्रभूचा मुख्य बोध होय, व तो आपण अनेकदां ऐकला आहे. आज आम्ही त्या दाखल्यांतील अर्धवट बांधकामाकडेच पाहणार आहों. कारण आपल्या खानदेशांत असे पाये पुष्कळ आहेत, आणि ते घालणारे मूर्ख नाहींत. त्यांनीं हिशेब केला होता. तो पुरत नव्हता, इतकेंच.

साक्री, शिरपूर, चोपडें किंवा यावल तालुक्यांत ज्यानें एक पावसाळा कुडाच्या घरांत काढला, त्यास घराची गरज म्हणजे काय हें समजाविण्याचें कारण नाहीं. पऱ्हाट्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर गवत नाहीं तर कौलें. धाब्याचें घर त्याहून बरें. पण वेळच्या वेळीं वर माती घातली नाहीं, तर श्रावणांत चुलीवरच धार लागते.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. 1985 सालीं इंदिरा आवास योजना निघाली. 2016 सालीं तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेनें घेतली. आदिवासींसाठीं शबरी घरकुल योजना आहे. 2016 सालीं ठरलेला हिशेब असा: सपाटीवरील घरास 1,20,000 रुपये, शौचालयास 12,000, आणि घरच्यांनींच केलेल्या कामाबद्दल रोजगार हमींतून सुमारें 90 दिवसांची मजुरी, त्यांत किमान 25 चौरस मीटरांचें पक्कें घर उभें करावयाचें. सिमेंट, सळई, वीट व गवंड्याची रोजी वर्षानुवर्षें चढत गेली. रक्कम मात्र फार काळ तेथेंच राहिली. 2025 सालीं राज्यानें आणखी 50,000 रुपयांची भर जाहीर केली, आणि घरकुलास पांच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याचें धोरण ठरविलें. हें चांगलें झालें. तथापि गिरणेची किंवा तापीची वाळू फुकट मिळाली, म्हणून ती सातपुड्याच्या पाड्यावर चढविणारा ट्रॅक्टर फुकट येत नाहीं.

खरी अडचण हप्त्यांत आहे. जोतें झालें, त्याचें छायाचित्र निघालें, म्हणजे पुढील हप्ता. पैसा मागाहून येतो, खर्च आधीं करावा लागतो. आणि ज्याच्या गांठीं आधींचा पैसा नाहीं, त्याच्याचसाठीं तर ही योजना. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन जें कुटुंब ऊसतोडीस गुजरातेंत जातें, त्याचें जोतें तसेंच उघडें पडतें. सावकाराकडून काढावें, तर घर उभें राहतें आणि घरधनी गहाण पडतो. ज्यास स्वतःची जागाच नाहीं, त्याचें नांव यादींत येऊनही उपयोग नाहीं. जागा विकत घेण्यास साहाय्य देणारी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नांवाची योजना राज्यांत 2015 पासून आहे. ती किती जणांस ठाऊक आहे?

आतां यिर्मयाचा बाविसावा अध्याय काढा. अन्यायानें वाडा बांधणाऱ्या व शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेणाऱ्या राजास संदेष्टा तेथें धिक्कारतो. जळगांव शहरांत 1990 च्या दशकाच्या अखेरीस गरिबांसाठीं अकरा हजारांहून अधिक घरकुलें बांधण्याचें नगरपालिकेनें ठरविलें व त्यासाठीं कर्ज काढलें. सुमारें दीड हजारच पुरीं झालीं. 2006 सालीं फिर्याद झाली, आणि 31 ऑगस्ट 2019 रोजीं धुळ्याच्या विशेष न्यायालयानें 48 जणांस दोषी ठरवून शिक्षा दिल्या. पुढें प्रकरण उच्च न्यायालयांत अपिलास गेलें. नांवें उगाळण्यांत आम्हांस रस नाहीं. अर्ज करून वाट पाहणारा मजूर त्या सर्व वर्षांत कोठें निजला, हा प्रश्न मात्र कोणत्याही निकालपत्रानें मिटत नाहीं.

आपल्या मंडळ्यांविषयींही एक कठीण गोष्ट बोललीच पाहिजे. रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्यासाठीं आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें ख्रिस्ती झालेल्यास अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाहीं. आदिवासी ख्रिस्ती मनुष्याचा आदिवासी हक्क मात्र जात नाहीं. म्हणून दोन शेजारी, एकच गळकें छप्पर, आणि एकास योजना तर दुसऱ्यास नाहीं, असें घडतें. कागदावर जुना धर्म लिहावा काय, असें कोणी रात्रीं येऊन हळूच विचारतो, तेव्हां त्यास रागें भरूं नका. त्याच्या मुलांच्या अंगावर पाणी पडत आहे. त्यास सांगा कीं प्रधानमंत्री योजनेचें दार धर्म पाहून बंद होत नाहीं, आणि तिच्या निधींत अल्पसंख्याकांसाठीं 15 टक्के वांटा राखण्याचें धोरणही आहे. मग त्यास एकटा पाठवूं नका. त्याच्याबरोबर ग्रामपंचायतींत जा.

हाग्गय संदेष्ट्यानें, मंदिर ओसाड असतां स्वतः तक्तपोशीच्या घरांत राहणाऱ्यांस जाब विचारला. आज तो आमच्या कांहीं गांवीं आला, तर मंदिराची नवी फरशी पाहून उलट प्रश्न करील असें आम्हांस वाटतें. फरशीसाठीं जमलेली वर्गणी एका विधवेचें जोतें पुरें करण्यास बिनव्याजी द्यावी, हप्ता येतांच तिनें ती परत करावी, आणि दुसऱ्या घरास ती लागावी. यांत देवाच्या घराचें कांहीं उणें होत नाहीं.

उपदेशक बंधूंनीं येत्या ग्रामसभेंत घरकुलांची यादी मोठ्यानें वाचावयास लावावी. आपल्या वस्तींतील कोणाचें नांव गळलें, कोणाचा हप्ता अडला, कोणाची जागा गायरानांत आहे, हें लिहून ठेवावें. ज्यांचीं जोतीं अपुरीं आहेत, त्यांच्याकडे मंडळीच्या तरुणांनीं दिवाळीपूर्वीं चार दिवस श्रमदान करावें, म्हणजे टोळ्या निघण्याच्या आंत छायाचित्र निघेल.