न पाहिलेल्या समुद्राविषयीचे कर्तव्य

नागपूर जिल्ह्यातील भिवापूर तालुक्याचे बरेचसे पाणी वैनगंगेच्या खोऱ्यात उतरते आणि प्राणहिता, गोदावरी अशा वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. मिरचीच्या शिवारातून पावसाबरोबर वाहणारे खत-औषधही त्याच वाटेला लागते. वर्षाअखेरच्या शेतीच्या हिशेबात मात्र समुद्राचे खाते नसते. जो कधी पाहिला नाही, त्याच्याविषयी कर्तव्य असते का?

शेजारच्या कुही तालुक्यात अंभोऱ्याला कन्हान वैनगंगेस मिळते. नाग नदीतून आलेले नागपूरचे सांडपाणी याच मार्गाने गोसीखुर्दच्या जलाशयात पोहोचते. मुकुंदराजांनी अद्वैतपर ‘विवेकसिंधु’ अंभोऱ्यातच रचला, अशी विदर्भाची परंपरा आहे (आंबेजोगाईही तोच मान सांगते). ग्रंथाचा काळ शके १११० मानतात. पण अद्वैताप्रमाणे थेंब आणि सागर एकच, एवढ्याने जबाबदारी ठरत नाही. उलट सारे एकच मानले की पाणी कोणी नासवले हा भेदही पुसतो, आणि नासवणाऱ्याला ते सोयीचेच.

पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ येथे अधिक उपयोगी पडतो. गृहस्थाने प्राणिमात्रांचा वाटा परतफेडीची अपेक्षा न ठेवता बाजूला काढायचा. घेणारा ओळखीचा असण्याची अट नाही. समुद्राबाबतचा संयम तसा नवा नाही; कोकणातील कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवत आले. आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीवर कायद्यानेही बंदी असते. त्यांच्या संयमाचे फळ त्यांच्याच जाळ्यात येते. भिवापूरच्या शेतकऱ्याला तेही नाही. माती तपासून बेताने खत देणे, नाल्याकाठी गवताचा पट्टा राखणे, हा त्याचा भूतयज्ञ म्हणूनच अधिक निरपेक्ष ठरतो.