थकव्याच्या नावावर काय काय खपवशील?

फुटबॉल सोडतोयस हे मला तुझ्या मेसेजवरून कळावं? दोन ओळी. ‘सर, बर्नआउट झालंय. आता नाही जमणार.’ शाळेत असल्यापासून माझ्या डोळ्यांदेखत खेळलास आणि हे तोंडावर येऊन सांगायची हिंमत झाली नाही? इथेच बदलापुरात, बेलवलीत राहतोस ना? माझं दार ठोठावायला किती वेळ लागला असता?

थकलायस हे मला मान्य आहे. महिनाभर तुझा फर्स्ट टच बघतोय. पायाशी थांबणारा बॉल आता हातभर पुढे पळतो. बॉल हरवला की मागे धावत नाहीस, कमरेवर हात ठेवून उभा राहतोस. तिकडे लेफ्ट बॅक एकटा दोघांना अंगावर घेतो आणि तू बघत बसतोस. थकवा खराच आहे. खोटं आहे ते त्याचं कारण. आणि ते तू मला नाही, स्वतःलाच सांगतोयस.

कॉलेजच्या सरावासाठी पहाटे चारला उठतोस. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर, गर्दीत उभ्यानं जायचं, उभ्यानं यायचं. याचं मोल मला कळत नाही असं समजू नकोस. पण परत आल्यावर काय करतोस? आज अंबरनाथच्या टर्फवर रात्रीची मॅच, शनिवारी उल्हासनगरला. कुणाच्या टीमला माणूस कमी पडला की फोन तुला. हातात चार पैसे पडतात, बाईकवरून न्यायला येतात, पोरं नाव घेऊन ओरडतात. तुझ्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. घरी येऊन एक वाजेपर्यंत त्याच मॅचचे रील्स. एक ते चार. तीन तास झोप! आईनं भरून दिलेला डबा तसाच परत येतो आणि स्टेशनबाहेर वडापाव खाऊन तू नव्वद मिनिटं पळायला जातोस. असं महिनोन्महिने राबवलं तर बैलसुद्धा खाली बसेल. बसलास, तर आता नशिबाला बोल लावतोस?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या मांडली. ती नोकरीधंद्याच्या कामापुरती आहे, पण तुझ्या कामाची आहे. अंगातली शक्ती संपते, कामावरून मन उडतं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटू लागतं. आणि याचं मूळ? साचत गेलेला ताण, ज्याचा बंदोबस्त वेळेवर झाला नाही. बंदोबस्त कुणी करायचा होता? मी रात्री एक वाजता येऊन तुझा मोबाइल काढून घ्यायचा होता?

बरं, मन उडालंय म्हणतोस. टर्फवरून का नाही उडालं? परवाच तिथे तीन गोल केलेस ना? मग कॉलेजच्या कोचनं सेकंड हाफला बाहेर बसवलं, त्याच आठवड्यात नेमका जीव कसा जळून गेला? अपमान झाला म्हण. माझ्या जागी ज्युनियर उतरला आणि तो चांगला खेळला, ते झोंबलं म्हण. ते झोंबणं मला समजतं. त्यावर औषध आहे. पण अपमानावर आजाराची चिठ्ठी चिकटवून हिंडणाऱ्याला मी काय औषध देऊ?

सोडणारे पाहायचेत? सेबास्टियन डाइसलर. बायर्न म्युनिकचा, जर्मनीचा मिडफिल्डर. 2003 मध्ये नैराश्यावर उपचार घेतले, परत मैदानात उतरला, गुडघ्यांनीही छळलं, शेवटी 2007 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी बूट काढले. त्याला मी एका शब्दानं बोलणार नाही. ॲश बार्टीनं 2014 मध्ये अठराव्या वर्षी टेनिस बाजूला ठेवलं, मधल्या काळात क्रिकेट खेळली, 2016 मध्ये परतली आणि 2019 मध्ये फ्रेंच ओपन जिंकली. थांबतेय तर थांबतेय, असं तिनं उघडपणे सांगितलं. आणि टेनिसमधलाच बोर्ग? सव्विसाव्या वर्षी, 1983 मध्ये निवृत्त झाला. 1991 मध्ये जुनी लाकडी रॅकेट घेऊन मोंटे कार्लोत उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. अकरा ग्रँड स्लॅम जिंकलेल्या माणसासाठीही खेळ थांबून राहिला नव्हता. तुझ्यासाठी राहील?

‘बदलापूरच्या पोराला कोण विचारतं’ हे तुझं जुनं पालुपद. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव 2017 मध्ये भारताकडून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. त्याच स्पर्धेचे काही सामने नेरूळला झाले. बेलवलीहून नेरूळ कितीसं लांब? तुझ्या डाव्या पायात काय आहे ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. म्हणून तर राग येतो. सुमार पोरानं सोडलं असतं तर मी ‘बरं बाबा’ म्हणून गप्प बसलो असतो.

आता ऐक. बुधवारी सकाळी घरी ये. बूट आणू नकोस. चार आठवडे बॉलला पाय लावायचा नाही, ना कॉलेजात, ना टर्फवर. कोचशी मी बोलतो, पण आधी तू बोलायचंस. डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तरी बघच. अंगात लोह नसेल तर नुसत्या जिद्दीनं पळता येत नाही. रोज अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजून वहीत लिही. आठ तास झोप, मोबाइल आईच्या खोलीत. आणि फुटबॉलच काय, जेवण, मित्र, घर, कशातच जीव रमत नसेल तर ते मला सांग. लाजू नकोस. आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. रात्री-अपरात्री घाबरं झालं तर 14416 वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लाव, नाहीतर मला लाव. त्या बाबतीत मी एक शब्द कडक बोलणार नाही.

चार आठवड्यांनी, झोप भरलेल्या डोळ्यांनी, समोर उभा राहून ‘सर, सोडतो’ म्हणालास तर मी अडवणार नाही.

पण बुधवारी येण्याआधी त्या टर्फवाल्यांना फोन करून टाक. एकट्यानं जमत नसेल तर माझ्यासमोर बसून कर. ‘नाही’ म्हणताना मला तुला एकदा ऐकायचंय.