संस्कार की भेसळ?

दिवाळीच्या अंकात वाइनचा विषय पाहून वाचकांनी दचकू नये. प्रश्न मद्याचा नाही, नीतीचा आहे. कॅनडात किंवा इंग्लंडात घरी पांढरी वाइन करण्याचा स्वस्त संच मिळतो. आटवलेला द्राक्षरस, यीस्टची पुडी, रस निवळायला बेंटोनाइट माती. पाणी घालून 23 लिटर करायचे, की सुमारे 30 बाटल्या होतात. पण चव बहुधा पाणचट. म्हणून हौशी गृहस्थ पाणी दोन-तीन लिटर कमी घालतो, मूठभर बेदाणे टाकतो, भांडे थंडाव्यात ठेवतो आणि पुढे काही महिने बाटल्यांना हात लावीत नाही.

याला संस्कार म्हणावे की भेसळ? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शाप्ताल याने 1801 साली आंबण्यापूर्वी रसात साखर घालण्याचा उघड पुरस्कार केला. फ्रान्समध्ये ते मर्यादेत चालते, इटलीत त्याला बंदी आहे. म्हणजे नुसत्या कायद्याने उत्तर मिळत नाही. उलट 1985 साली ऑस्ट्रियात काही उत्पादकांनी वाइन गोड, भरदार भासावी म्हणून तीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य चोरून मिसळल्याचे उघडकीस आले. कच्च्या मुलाला शिकवणी देणे वेगळे आणि त्याची उत्तरपत्रिका आपणच लिहिणे वेगळे!

बेदाण्यांची गोष्ट पाहुण्यापुढे पेला ठेवताना हसत सांगता येते. जे सांगताना जीभ अडखळेल, ते भांड्यात टाकताना हात का अडखळू नये?