शंभर टक्के, पण कितींपैकी?

दहावीचा निकाल लागला की धारूरमध्ये चौकाचौकात फ्लेक्स लागतात. ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा’, खाली पोरांचे फोटो, त्याखाली दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांसकट टक्के. यंदा ताईनं अशा दोन फ्लेक्सचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले आणि विचारलं, “पोराला यातल्या कुठल्या शाळेत घालू? का सरळ लातूरला टाकू?” मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे घरातला शिक्षणतज्ज्ञ मीच.

आमच्या कामात एक जुनी पळवाट आहे. ॲप नीट चाललंय का हे बघायला आम्ही सर्व्हरपर्यंत पोचलेल्या रिक्वेस्टपैकी किती यशस्वी झाल्या ते मोजतो. आकडा ९९.९ येतो, सगळे खूश. घाटात ज्याचं नेटवर्क तुटलं त्याची रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत आलीच नाही, म्हणून ती अपयशातही धरली जात नाही. निकालाची टक्केवारी हुबेहूब अशीच असते. समजा, आठवीत ६० पोरं होती आणि दहावीच्या परीक्षेला ४० बसली. चाळीसच्या चाळीस पास झाली. फ्लेक्स खोटं बोलत नाही. उरलेली वीस कुठं गेली हे त्याला कुणी विचारलेलं नाही, इतकंच.

ती कुठं जातात हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल फेडायला कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक, आणि परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो, म्हणजे शाळेचं दुसरं सत्र अख्खं गेलेलं. पोरींचं आणखी वेगळं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर बायांपैकी चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापर्यंतचा. नववीतलं लेकरू त्याच्या काठावर उभं असतं, तेव्हाच हे सगळं येतं.

काही गळती मात्र शाळाच करतात. कच्च्या पोराला नववीतच मागं ठेवायचं, किंवा ‘तू सतरा नंबरचा फॉर्म भर’ म्हणायचं. मग ते खासगी विद्यार्थी होतं आणि शाळेचा निकाल स्वच्छ राहतो. हे एकट्या धारूरचं नाही. राज्यभरातून ही ओरड इतकी वाढली की २०१७च्या सुमाराला नववीच्या नापासांसाठी फेरपरीक्षा आणावी लागली. आणि टक्केवारीवर फारच विश्वास असेल तर २०२१ आठवा. कोरोनामुळं दहावीची परीक्षा झालीच नाही, नववीचे आणि वर्षभराचे गुण धरून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के. त्या वर्षी आपली पोरं सगळ्यात जास्त शिकली, असं कोण म्हणेल?

हे सगळं मी एका शिक्षकांना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, “बाबा, निकाल पडला की पुढच्या वर्षी प्रवेश पडतात. पट घसरला की संचमान्यतेत तुकडी जाते, माणूस अतिरिक्त ठरतो. मग त्याला कुठं पाठवतील सांगता येत नाही. तू काय केलं असतंस?” मला उत्तर सुचलं नाही. पुण्यात बसून धारूरच्या मास्तरला नीती शिकवणं सोपं आहे. उसाचा हंगाम शाळेनं ठरवलेला नाही, उचलही तिनं दिलेली नाही. पोरगं फडात गेलं म्हणून शाळेला नापास करणं मला अन्यायाचं वाटतं. पण ते गेलंय, कुठं गेलंय आणि कधी येणार, हे शाळेला ठाऊक आहे का? हे तिच्या हातात आहे, आणि तिचा न्याय मी इथंच करीन.

शाळेची संस्कृती म्हटलं की आपण गॅदरिंग, शिवजयंतीची भाषणं, किल्ल्यावरची सहल सांगतो. असावंच ते सगळं. पण माझ्या वर्गशिक्षकांच्या हजेरीवहीत मागच्या पानावर एक यादी असायची. कोण कुठल्या कारखान्यावर गेलंय, मुकादमाचा फोन नंबर, आजी गावात आहे का. एप्रिलमध्ये पोरगं परत आलं की सर त्याला पुढच्या बाकावर बसवायचे आणि वर्गाला सांगायचे, “ह्याला बुडालेलं कोण शिकवणार?” हात वर व्हायचे. सरांच्या वर्गाचा निकाल शाळेत सगळ्यात कमी लागायचा, कारण त्या पोरांना ते परीक्षेला बसवायचेच. काही जण नापास झाले. त्यातला एक आज तालुक्यात वायरमन आहे. दोघांचा पत्ता नाही. सरांना कुठला पुरस्कार मिळाल्याचं मला आठवत नाही.

ताईला मी म्हणालो, दोन्ही शाळांत जा आणि एवढंच विचार: तीन वर्षांपूर्वी आठवीत किती होते आणि यंदा परीक्षेला किती बसले? पहिल्या शाळेत क्लार्कनं “हे तुम्हाला कशाला पाहिजे?” म्हणून तिला फ्लेक्सच दाखवला. दुसरीत मुख्याध्यापक थोडे ओशाळले, कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि बोट ठेवत एकेक नाव वाचू लागले. काही नावांवर अडखळले. एका पोरीच्या नावाशी थांबून म्हणाले, “हिच्या घरी जायचं राहिलंय.”

लातूरचा विषय अजून संपलेला नाही. दाजींचा ओढा तिकडंच आहे.